घरात वाचून दाखवणे



वर्धापनदिनी मीही चार शब्द बोलावे असा मंडळाचा आग्रह झाला. आधी एखादी पाककृती सांगावी असे मनात होते. परंतु गेल्या दिवाळीत आमच्या आजोळी एक जुने कार्ड सापडले, आणि तेव्हापासून दुसरे काही सुचत नाही. तेव्हा तेच सांगते.

माझे आजोळ मंगरूळपीर तालुक्यातले. आईचे वडील दुसऱ्या महायुद्धात फौजेत मोटर हाकण्याच्या कामावर गेले, ते १९४६ साली परतले. आजी तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची, नुकतीच नांदायला आलेली. जन्मभर तिची एकच तक्रार. आजोबा कशावरून रागावले की ती म्हणे, "दोन वर्स मले एक कागुद नाई धाडला तुमी!" आजोबा म्हणत, "धाडला होता." "मंग गेला कुठी?" यावर आजोबा गप्प. आम्हा नातवंडांना हसू येई. आजोबा १९८८ मध्ये गेले, आजी २००४ मध्ये. तक्रार तशीच राहिली.

मामांचे जुने घर पाडताना माळ्यावर शेतसाऱ्याच्या पावत्यांचा गठ्ठा निघाला. त्यात हे कार्ड. पुढे एका अंगाला कललेल्या पांढऱ्या मनोऱ्याचे चित्र, मागे शाईची अक्षरे. तिकीट नाही. फौजेच्या टपालाचा गोल शिक्का, त्यात गावाचे नाव नाही, नुसता आकडा आणि तारीख, जून १९४५. लढाई चालू असताना पलटण कोठे आहे हे शिपायाला लिहू देत नसत. इटलीतली लढाई २ मे १९४५ रोजी थांबली, म्हणूनच हे चित्र धाडता आले असावे. पत्ता जिल्हा अकोला. याचे मुलांना नवल वाटले. १९०५ पर्यंत वाशीम वेगळा जिल्हा होता, मग अकोल्यात गेला, आणि १ जुलै १९९८ रोजी पुन्हा वेगळा झाला, हे त्या निमित्ताने त्यांना सांगितले.

मनोरा इटलीतल्या पीसा गावचा. ११७३ मध्ये बांधायला घेतला, आणि काही मजले चढतात तोच खालची मऊ जमीन एका अंगाने दबली. (काळ्या मातीत घरे बांधणाऱ्या आपल्याला हे काय सांगावे!) त्या देशात हिंदी फौजेच्या तीन डिव्हिजन लढल्या. मराठा पलटणीच्या यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना तेथेच व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, घाडग्यांना मरणोत्तर. आजोबांच्या कार्डात मात्र पराक्रमाचे काही नाही. ते असे आहे:

"तीर्थरूप बाबांस साष्टांग नमस्कार. मी खुशाल आहे. लढाई संपली. चार दिवस सुट्टी मिळाली म्हणून हा मनोरा पाहिला. पडेल पडेल वाटते, पडत नाही. येण्याचे ठरले की कळवीन. घरात वाचून दाखवणे."

'घरात' म्हणजे कोणाला, हे तुम्हा वडीलधाऱ्या बायांना सांगायला नको. नवरा बायकोचे नाव चारचौघांत घेत नसे, मग पोस्टमनपासून सगळे वाचणार त्या उघड्या कार्डावर कसे लिहील? बाबांच्या नावाने धाडले, पण धाडले ते आजीला. ओसरीवर कोणी वाचले असेल, पुरुषमंडळींनी ऐकले असेल, आणि पावत्यांबरोबर बांधून ठेवले असेल. आत चुलीपाशी बसलेल्या पोरीपर्यंत ते गेलेच नाही. कोणी मुद्दाम केले असे मी म्हणत नाही. कोणाच्या लक्षातच आले नसेल. आणि मला राग येतो तो त्याचाच.

कार्ड घेऊन मी आईकडे गेले. चष्मा हाताशी असून ती म्हणाली, "तूच वाच." मी वाचले. तिने पुन्हा वाचायला लावले. मग भिंतीवर आजी-आजोबांचा फोटो आहे, त्याच्याखाली मला उभे केले आणि म्हणाली, "आता अठी मोठ्यानं वाच." तिसऱ्यांदा वाचताना माझा आवाज नीट निघाला नाही.

बराच वेळ कोणी बोलले नाही. मग आईने विचारले, "तो मनोरा उभा हाये का अजून?"

उभा आहे म्हटले. १९९० मध्ये धोका वाटला म्हणून बंद केला होता. मग उंच बाजूच्या पायाखालची माती काढून थोडा सरळ केला आणि २००१ मध्ये लोकांना पुन्हा उघडला.