पूर दारात, कपात नळाला



 

८ जुलै २०२४ ची पहाट आठवा. रात्री एक ते सकाळी सात एवढ्या वेळात मुंबईत काही ठिकाणी ३०० मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला. रूळ पाण्याखाली, लोकल बंद. त्याच सकाळी शहरात दहा टक्के पाणीकपात चालू होती, आणि ती उठली २९ जुलैला.

एका रात्रीवरून हवामान बदल सिद्ध होत नाही, हे या सभागृहाला सांगायला नको. पण तापमान एका अंशाने वाढलं की हवा सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतले रॉक्सी कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं, की १९५० नंतर मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. मोसमाचा एकूण पाऊस मात्र वाढलेला नाही. पाऊस थोड्या दिवसांत उरकू लागला, तर धरणांना तो पेलणं अवघड आणि जमिनीला मुरवणं त्याहून अवघड.

उपनगरांची अडचण आणखी वेगळी आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला, कुलाब्याला फक्त ७३! पाऊस असा जागा पाहून पडतो. बोरिवलीत धो धो कोसळला म्हणून बोरिवलीचे नळ चालत नाहीत; ते चालतात वैतरणा, तानसा, भातसाच्या पाणलोटात पडला तर. उपनगरांतले विहार आणि तुळशी हे दोन तलाव मिळून शहराला तीन टक्केही पाणी देत नाहीत. उरलेलं ठाणे, पालघर, नाशिककडून जलवाहिन्यांतून येतं. ज्या शहापूर तालुक्यात भातसा आणि तानसा ही धरणं आहेत, तिथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर फिरतात. धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण तिथे रोजच्या जगण्यात आहे.

आणि आपल्या दारातल्या नद्या? दहिसर आणि पोईसर बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरातून निघतात, मिठी विहार-पवईच्या सांडव्यापासून. २००५ च्या पुरानंतर त्याची कारणं तपासायला चितळे समिती बसली, मिठीसाठी प्राधिकरण आलं, ताशी २५ मिलिमीटरसाठी आखलेल्या पर्जन्यजलवाहिन्या ५० मिलिमीटरपर्यंत नेण्याचं काम हाती घेतलं. नद्यांचं रुंदीकरण हवंच होतं. पण दोन्ही काठांना काँक्रीटच्या भिंती घालणं मला पटलेलं नाही. भिंतींमुळे पाणी समुद्राकडे धावतं, आणि भरती असली की तोंडाशीच अडतं. समुद्राची पातळी वाढते आहे, म्हणजे हे अडणंही वाढणार. शिवाय भिंतीने नदीचा काठच्या जमिनीशी संबंध तुटतो. विहिरींना मिळालं असतं ते पाणी खाडीत जातं. 

पुढच्या गरजेसाठी महापालिकेपुढे गारगाईचं धरण आहे, मनोरीला समुद्राचं पाणी गोडं करण्याचा प्रकल्प आहे. गारगाईत तानसा अभयारण्यातलं जंगल बुडणार. म्हणजे पाण्यासाठी आपण पाणलोटातलं जंगलच कमी करायला निघालो आहोत. मनोरीला पाऊस नको, पण वीज भरपूर लागते. त्याला माझा विरोध नाही. क्रम मात्र उलटा वाटतो; आधी सांडपाण्याचा पुनर्वापर यायला हवा. घाटकोपर, भांडुप, मालाड, वर्सोव्यासह सात ठिकाणी सांडपाणी शुद्धीकरणाची नवी केंद्रं उभी राहत आहेत. त्यांतून मिळणारं शुद्ध पाणी पाऊस लांबला तरी आटत नाही. बांधकामं, उद्यानं, कारखाने, स्वच्छतागृहं यांना पिण्याच्या पाण्याऐवजी आपण हे पाणी दिलं, तर नवं धरण काही वर्षं तरी पुढे ढकलता येईल.

दुपारच्या सत्रात या केंद्रांचे अभियंते बोलणार आहेत. पहिला प्रश्न माझाच नोंदवून ठेवा: शुद्ध झालेलं पाणी ग्राहकापर्यंत नेणाऱ्या वाहिन्यांचा आराखडा तयार आहे का, की तेही खाडीतच सोडायचं आहे?