लपवलेली गोळी



मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आज बोलणार आहे ते आमच्या घरातल्या एका चुकीबद्दल.

माझ्या धाकट्या बहिणीला टीबी झाला. सहा महिन्यांचा कोर्स सुरू झाला. अम्मी म्हणाली, "बाहेर कुणाला कळू देऊ नका. पोरीचं लग्न व्हायचंय." तिसऱ्या महिन्यात बहिणीच्या कमरेवर गजकर्ण उठलं. मी तिला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी विचारलं, "दुसरं काही औषध चालू आहे का?" तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "नाही."

त्यांनी इट्राकोनाझोलच्या गोळ्या दिल्या. महिना झाला, पैसे गेले, चट्टे वाढतच राहिले. शेवटी बहिणीनेच डॉक्टरांना खरं सांगितलं.

डॉक्टरांनी समजावलं ते असं. टीबीच्या औषधांत रिफाम्पिसिन हे अँटिबायोटिक असतं. लघवी नारिंगी होते ती त्यामुळेच. आपल्या यकृतात सीवायपी3ए4 नावाचं एन्झाइम असतं. बरीचशी औषधं तेच मोडून टाकतं. रिफाम्पिसिनमुळे शरीर हे एन्झाइम नेहमीपेक्षा खूप जास्त बनवू लागतं. मग इट्राकोनाझोल रक्तात टिकतच नाही, बुरशीपर्यंत पुरेसं पोहोचत नाही. व्होरिकोनाझोल या दुसऱ्या बुरशीविरोधी औषधाचं रक्तातलं प्रमाण तर 90 टक्क्यांहून जास्त घटतं. रिफाम्पिसिन थांबवल्यावरही हा परिणाम ओसरायला साधारण 2 आठवडे लागतात.

प्रत्येक अँटिबायोटिक असंच वागतं असं नाही. क्लॅरिथ्रोमायसिन हेच एन्झाइम अडवतं. त्यामुळे इट्राकोनाझोल रक्तात उलट वाढतं आणि दुष्परिणामांचा धोकाही वाढतो.

एक गोष्ट नीट ऐका: हे ऐकून कुणीही टीबीचं औषध स्वतःहून बंद करू नये. अर्धवट सोडलेला टीबी औषधांना दाद न देणारा होऊन परतू शकतो. बहिणीचा टीबीचा कोर्स चालूच राहिला, गजकर्णासाठी डॉक्टरांनी लावायचं मलम दिलं. मलमाला यकृताची वाट धरावी लागत नाही. ती आता बरी आहे.

घरी गेल्यावर एवढं करा. घरातल्या प्रत्येकाच्या चालू गोळ्यांच्या पाकिटांचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि दर वेळी डॉक्टरांना दाखवा. गर्भनिरोधक गोळ्याही त्यात धरा, कारण रिफाम्पिसिनमुळे त्यांचाही असर कमी होतो. बहिणींना हे बोलायला संकोच वाटत असेल, तर त्यांना डॉक्टरांशी एकटीने बोलू द्या. माझ्यासारखं मध्येच उत्तर देऊ नका.