श्रम आणि व्यायाम
(एका व्याख्यानाचा संक्षेप)



चाळिशी ओलांडलेल्या पुरुषाची प्रकृती ढासळली, की तिचा दोष त्याच्या आळसाला देण्याची रीत सुशिक्षित समाजात पडली आहे. पहाटे उठून मैदानाला चार फेऱ्या मारण्याचा निश्चय ज्याला करता येत नाही, त्याने तक्रार करू नये, असा या उपदेशाचा सूर असतो. हमालाला किंवा गवंड्याला मात्र हा उपदेश कोणी करीत नाही. त्याचे काम हाच त्याचा व्यायाम, असे गृहीत धरले जाते. हे दोन्ही समज तपासून पाहिले पाहिजेत.

१९५३ साली डॉ. जेरी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील नोकरांची पाहणी प्रसिद्ध केली. दिवसभर जिना चढणाऱ्या-उतरणाऱ्या कंडक्टरांत हृदयविकार ड्रायव्हरांपेक्षा कमी आढळला. कष्ट हाच व्यायाम, या समजाला त्यामुळे बळ मिळाले. परंतु १९५६ साली मॉरिस यांनीच गणवेशांची मापे तपासली, तेव्हा ड्रायव्हरांच्या कमरेचा घेर तरुण वयातही अधिक असल्याचे दिसले. सगळा फरक एकट्या नोकरीने घडविलेला नव्हता.

१९६७ पासून लंडनमध्येच सरकारी नोकरांची पाहणी सुरू झाली. हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण वरिष्ठ प्रशासकांच्या मानाने शिपायांत तिपटीहून अधिक निघाले. शिपाई धूम्रपान अधिक करीत, फुरसतीच्या वेळी व्यायाम कमी करीत, हे खरे. पण एवढ्याने सगळी तफावत उलगडली नाही.

कोपनहेगनमध्ये १९७०-७१ साली चाळीस ते एकोणसाठ वर्षांच्या सुमारे पाच हजार कामकरी पुरुषांची तपासणी झाली आणि पुढे तीस वर्षे त्यांची नोंद ठेवली गेली. ज्यांची शारीरिक क्षमता मुळात कमी होती, त्यांच्यात कष्टाचे काम करणाऱ्यांना हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका अधिक होता. क्षमता चांगली असलेल्यांत तसे दिसले नाही. फुरसतीतील व्यायाम मात्र हितकारक ठरला.

याचा अर्थ उघड आहे. व्यायाम करणारा आपले ओझे स्वतः ठरवितो, दम लागला की थांबतो आणि नंतर विश्रांती घेतो. मजुराचे ओझे दुसरा ठरवितो, थांबला तर मजुरी बुडते आणि थकलेल्या शरीराला सावरण्यास अवधी मिळत नाही. किंबहुना फुरसत ही संपत्तीप्रमाणेच विषम वाटली गेलेली वस्तू आहे. ज्याच्या वाट्याला ती आलीच नाही, त्याला व्यायामाचा उपदेश करणे म्हणजे उपाशी माणसाला पथ्य सांगणे होय.

महाराष्ट्रातील कामगार चळवळीला हे नवे नाही. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. १९६९ साली माथाडी कामगारांसाठी कायदा झाला. १९६७ सालीच आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने प्रौढ पुरुषाने हाताने उचलावयाच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलोवर आणण्याची शिफारस केली होती. पाठीवरच्या पोत्याचे वजन, कामाचे तास, सुटीचा दिवस आणि वस्तीजवळचे मोकळे मैदान हे आरोग्याचे प्रश्न आहेत, तितकेच ते न्यायाचे आहेत. त्यांची तड लावल्याखेरीज केलेला व्यायामाचा प्रचार ज्यांना आधीच सवड आहे त्यांच्यापुरताच उरेल.