गळ्यातला ढोल

(खालापूर तालुक्यातल्या एका युवक शिबिरात केलेलं भाषण. बोललं तसंच छापलं आहे, पाल्हाळ तेवढं कापलं.)



मला विषय दिलाय 'काळ्यांचा लढा आणि आपण'. या विषयावर वक्ते काय बोलतात ते मला ठाऊक आहे. १९६६ साली ओकलंडला ब्लॅक पँथर, १९७२ साली मुंबईत दलित पँथर, त्याच्या आधी १९४६ साली बाबासाहेबांनी डुबॉयना लिहिलेलं पत्र. टाळ्या, चहा, घरी. सगळं खरं आहे आणि तुम्हाला पाठ आहे.

पण सकाळी चहाच्या वेळी इथं जे भांडण झालं ते मी ऐकलं. वस्तीतल्या पोरांनी ढोल-ताशाचं पथक काढलंय. शेजारच्या गावच्या उत्सवाची सुपारी आलीय. म्हातारी माणसं म्हणतात, आमच्या बापांनी गावाचं वाजवणं सोडलं ते काय तुम्ही परत गळ्यात अडकवायला? पोरं म्हणतात, पैसे मिळतात, कला आहे, आता जमाना बदलला. दोघंही मोठ्यानं बोलत होते. म्हटलं, ठरवलेलं भाषण राहू द्या. एका रात्रीचं सांगतो.

१९७८, फेब्रुवारी महिना. मुंबईत पहिली 'जॅझ यात्रा' भरली. निरंजन झवेरी म्हणून जॅझचा एक वेडा होता, त्यानं 'जॅझ इंडिया' या संस्थेमार्फत ती भरवली. धोबीतलावला सेंट झेवियर्स कॉलेजच्या शेजारी रंगभवन, वर छप्पर नाही, उघडं आभाळ. पलीकडं मरीन लाइन्स ओलांडली की समुद्र. देशोदेशीचे वाजवणारे आले होते. पुढं बरीच वर्षं ती यात्रा भरत राहिली. आता भरत नाही, आणि शांतता क्षेत्राचा नियम आल्यावर रंगभवनाचाही आवाज बंद झाला.

मी तिकीट काढून गेलो नव्हतो. खोपोलीचा पोरगा, वय एकवीस, मुंबईत एका वीज कंत्राटदाराच्या हाताखाली. केबल ओढायची, दिवे बांधायचे. आता खोपोलीच्या माणसाला विजेचं काय कौतुक? १९१५ पासून घाटावरच्या तलावांचं पाणी नळांतनं आमच्या डोक्यावरनं खाली पडतं, टाटांच्या वीजघरात त्याची वीज होते आणि तेव्हा ती मुंबईच्या गिरण्यांना जायची. गिरण्या रात्रीच्या उजळल्या. आमच्या वस्तीत पहिला बल्ब पेटला तेव्हा मी सातवीत होतो.

आमचा एक मित्र होता, नायगावच्या चाळीतला, छावणीत कायम पुढं असणारा. तो म्हणाला, "अरे, काळे येतायत. आपली माणसं." तोही माझ्याबरोबर मदतनीस म्हणून आत शिरला. त्याला वाटलं, मुठी वर होतील, घोषणा होतील. बघतो तर काय, समोर मलबार हिल आणि कफ परेड बसलेली. अत्तराचा वास. इंग्रजी हसणं. स्टेजवर काळा माणूस, स्टेजखाली तारांच्या गुंडाळ्यांत आम्ही दोघं, आणि मधे सगळी तिकीटवाली दुनिया. कुणी आम्हाला हटकलं नाही. खोटं कशाला बोलू? आम्ही त्यांना दिसतच नव्हतो, तर हटकतील कशाला?

स्टेजवर होता सनी रोलिन्स. टेनर सॅक्सोफोन. तेव्हा मला नावही धड घेता येत नव्हतं. त्याची हकिकत नंतर वाचली. १९३० सालचा जन्म, हार्लेममधला. बाबासाहेब १९१३ ते १९१६ ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, तिथून चालत जाता येईल असं ते हार्लेम. १९५८ साली त्यानं 'फ्रीडम सूट' नावाची रेकॉर्ड काढली. नाव झालं, पैसा आला, आणि १९५९ साली गड्यानं जाहीर वाजवणं बंद केलं. का? तर म्हणे मला अजून येत नाही. घरी सराव करावा तर शेजारीण गरोदर, तिला त्रास. मग हा रोज न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर जाऊन, खाली नदी, बाजूनं आगगाड्या, तिथं एकटा तासन्‌तास वाजवायचा. दोन वर्षं. दहा बाय दहाच्या खोलीत ज्यानं अभ्यास केलाय त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. हाच माणूस पुढं आपल्या पवईच्या आश्रमात येऊन राहिला होता, योग शिकायला. आता काळ्या माणसानं शांती शोधायला यावं कुठं, तर या देशातल्या आश्रमात! असो, त्याला कुणी इकडची दुसरी बाजू सांगितली नसणार.

तर वाजवणं सुरू झालं. सॅक्सोफोन मला पहिल्यांदा कळलाच नाही. कळला तो ड्रम. काठी कुठं पडणार ते माझ्या अंगाला आधीच समजायचं, आणि ती मुद्दाम तिथं न पडता जरा मागं पडायची. अंग पुढं गेलेलं असायचं, ठोका मागं. ती जी मधली फट होती ना, तिच्यात मी अडकलो. आणि बघतो तर माझे हात केबलच्या लाकडी पेटीवर वाजतायत.

मी हात काढून घेतला. चटका बसल्यासारखा.

कारण आमच्या घरात वाजवायला बंदी होती. पत्र्याच्या डब्यावर जरी बोटं नाचवली तरी बाप कानाखाली द्यायचा. "परत पाटलाच्या दारात जायचंय काय?" माझा आजा ढोल वाजवायचा. हौसेनं नव्हे, गावकीचं काम म्हणून. गावात लग्न, गावात शिमगा, पालखी, की आजाला हाक. नाही म्हणायची सोय नाही. सगळं गाव ज्याच्या ठोक्यावर नाचायचं तो मांडवाच्या बाहेर, उन्हात. जेवण शेवटी, उरलंसुरलं, दुरून वाढलेलं. तुमच्या ढोलाचं पान आता प्लास्टिकचं असतं. आजाच्या ढोलाचं कातडं त्यानंच ओढून नेलेल्या बैलाचं होतं.

१९२७ च्या मार्चात आजा महाडला गेला होता. मेलेलं खाऊ नका, उष्टं मागू नका, हे बाबासाहेबांनी तिथं सांगितलं, आणि चवदार तळ्याचं पाणी आजानं ओंजळीनं प्यायलं. परत आल्यावर पहिल्याच लग्नाला बोलावणं आलं. आजा म्हणाला, "आता नाय वाजवणार." एवढंच. गावानं दुकान बंद केलं, वाट बंद केली, रोजगार बंद केला. ढोल आढ्याला टांगला गेला तो टांगलाच. १९५६ साली दीक्षेनंतर आजानं तो उतरवून पाताळगंगेत सोडला. माझा जन्म पुढच्या सालचा. मी तो ढोल बघितलेला नाही. पण हातांनी तो कुठून उचलला होता?

त्या रात्री कर्जतची शेवटची लोकल चुकली. आम्ही मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर पाय सोडून बसलो. मित्र तापलेला. म्हणाला, "ह्यांनी आपल्या दुःखाचं हत्यार केलं. आणि तुझ्या आजानं ढोल पाण्यात टाकला. हे आपलं कायम. टाकायचं, सोडायचं." मला उत्तर देता आलं नाही. मी नुसता म्हणालो, "तू मुंबईत वाढलास. तुझ्या गळ्यात कुणी अडकवला नव्हता."

उत्तर मला फार वर्षांनी मिळालं, तेही पुस्तकात. अमेरिकेत साउथ कॅरोलिनात १७३९ साली स्टोनो नदीकाठी गुलामांनी बंड केलं. ढोल बडवत निघाले, वाटेत माणसं मिळत गेली. बंड चिरडलं. पुढच्याच वर्षी, १७४० साली, कायदा झाला: गुलामाला ढोल बाळगायला, वाजवायला बंदी. मालकाला कळलं होतं, ढोल बोलतो. म्हणजे बघा. तिथं मालकानं ढोल काढून घेतला. इथं मालकानं ढोल गळ्यात बांधला. म्हणून त्यांच्या पोरांनी ढोल हातात घेणं हे बंड, आणि माझ्या आजानं खाली ठेवणं हेही बंड. हे मला त्या कठड्यावर सुचलं असतं तर मित्राचं तोंड बंद केलं असतं. तो आता नाही.

पण काळ्यांचं सगळं सोन्याचं होतं असंही समजू नका. हार्लेममधे, त्यांच्याच वस्तीत, कॉटन क्लब होता. वाजवणारे काळे, नाचणारे काळे, खुर्चीवर बसायला फक्त गोरे. मांडवाच्या बाहेरचा आजा आणि मांडवाच्या आतला ड्यूक एलिंग्टन, फरक आहे, पण तितका नाही. १९३५ साली लिऑन अ‍ॅबी हा काळा बँडवाला आपला ताफा घेऊन मुंबईच्या ताजमधे आला. त्यांच्या तालावर साहेब आणि संस्थानिक नाचले. त्याच वर्षी ऑक्टोबरात येवल्याला बाबासाहेब सांगत होते की मी हिंदू म्हणून मरणार नाही. दोन्ही गोष्टी एकाच इलाख्यात, एकाच सालात. ताजच्या नाचघरात येवला पोचलं नाही आणि येवल्यात सॅक्सोफोन पोचला नाही. पोचला तो नंतर, गोव्याच्या वाजवणाऱ्यांच्या हातानं. चिक चॉकलेट, म्हणजे अँतोनिओ झेवियर वाझ, ट्रम्पेटवाला. तो आमच्या सी. रामचंद्रांबरोबर १९५१ च्या 'अलबेला'त वाजला आणि तिथून थेट आपल्या लग्नाच्या बँडमधे आला. आपली किती पोरं बँडचा लाल कोट घालून लोकांच्या वरातीत ते वाजवत फिरली! कुणाच्या ध्यानात आलं की हे मूळ कुणाचं?

आता तुमच्या सुपारीकडं येतो. अमेरिकेत न्यूपोर्ट म्हणून समुद्राकाठचं गाव आहे. अठराव्या शतकात गुलामांच्या जहाजांचं मोठं बंदर. पुढं तिथं धनिकांनी उन्हाळ्यात राहायला वाडे बांधले. त्या गावात १९५४ पासून उन्हाळ्यात जॅझचा महोत्सव भरतो, मधली काही वर्षं सोडली तर आजही भरतो. समोर खाडी, होड्यांतनंही लोक ऐकतात. १९६० साली चार्ल्स मिंगस आणि मॅक्स रोच या दोघा वाजवणाऱ्यांनी सवाल केला, की संगीत आमचं, मग मानधन कुणाला जास्त आणि कुणाला कमी हे ठरवणारे तुम्ही कोण? नुसता सवाल करून थांबले नाहीत. त्याच गावात, त्याच तारखांना, क्लिफ वॉक मॅनर नावाच्या हॉटेलच्या आवारात त्यांनी आपला वेगळा महोत्सव मांडला. स्टेज स्वतः ठोकलं. तिकिटं स्वतः विकली. थोरामोठ्या वाजवणाऱ्यांनी हातात हातोडा घेतला, राव! तिकडं मोठ्या महोत्सवाबाहेर बिअर प्यालेल्या गोऱ्या पोरांनी दंगल केली, अश्रुधूर सोडावा लागला, तो महोत्सव मधेच बंद करावा लागला. ह्यांचा चालू राहिला.

पुढं त्यांनी संघटना काढली, ती फार टिकली नाही. हेही सांगतो, नाहीतर उद्या कुणीतरी वाचून येईल आणि मला धरेल. आपल्याही संघटना किती टिकल्या ते आपण जाणतो.

आणि आपल्यातही हे आधीच झालेलं आहे. भीमराव कर्डकांचा जलसा घ्या. तमाशाचा साचा घेतला आणि आत माल भरला बाबासाहेबांचा. ढोलकी तीच, बोटं तीच. पण पाटलाची हाक नाही, आपली सभा. वामनदादांनी गावोगाव तेच केलं. ज्यांनी गावकीचं वाजवणं सोडलं त्यांनीच हे वाजवलं. म्हणजे आजानं ढोल सोडला तेव्हा हात सोडले नव्हते.

तेव्हा पथकातल्या पोरांनो, सुपारी घ्या की नका घेऊ, हे मी सांगणार नाही. चार गोष्टी मात्र विचारून या. पैसे किती हे कागदावर आहे का, आणि आगाऊ आहेत का? नाही म्हणालात तर गाव पुढच्या महिन्यात तुमच्याशी कसं वागेल? जेवण कुठं, कुणाच्या पंगतीला? आणि तुमच्यातलं एक पोरगं वाजवताना त्या देवळाच्या पायरीवर चढलं तर काय होईल? ही उत्तरं फोनवर मिळत नाहीत. दोघं जण जाऊन समोर बसून विचारा. खाली नव्हे, खुर्चीवर बसून.

आणि म्हाताऱ्या मंडळींनाही एक सांगतो. १९७८ च्या त्या फेब्रुवारीत टाळ्या ऐकल्या आणि जुलैच्या अखेरीला नामांतराचा ठराव झाल्यावर मराठवाड्यात आपल्या वस्त्या जळाल्या. ऑगस्टात पोचिराम कांबळेला मारलं. माझा तो मित्र मदतीचे कपडे घेऊन नांदेडकडं गेला. परत आला तेव्हा फार बोलत नव्हता. एकदा लोकलमधे, कल्याणच्या पुढं डबा रिकामा झाल्यावर, त्यानं खिडकीखालच्या पत्र्यावर ठेका धरला. रंगभवनातला तो मागं पडणारा ठोका त्याच्या लक्षात राहिला होता. त्याच्या बोटांना तो नीट येत नव्हता. मी त्याला बदलापूर ते नेरळ शिकवत आलो. घरी जाऊन बापाला सांगितलं नाही.

ते ढोल कुणी बाहेर ओट्यावर ठेवलेत का? आत घ्या. माथेरानच्या बाजूला काळं झालंय.

(ढोल आत आणेपर्यंत थांबून पुढं प्रश्नोत्तरं झाली. ती छापलेली नाहीत.)