जुन्या फोटोंचा खरा रंग

(कारधा येथे शिक्षणसंस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



हे भाषण पुढे स्मरणिकेत छापले जाणार आहे असे मला सांगण्यात आले. म्हणून समोर बसलेल्या आपणां सर्वांशी आणि घरी बसून हे वाचणाऱ्या वाचकांशीही मी एकाच वेळी बोलतो आहे. विषय साधा आहे. रोलच्या कॅमेऱ्याने काढलेले फोटो आपल्या घरोघरी पडून आहेत. ते संगणकावर कसे उतरवावेत आणि त्यांचे उडालेले रंग कसे जुळवावेत, हा तो विषय. आपण म्हणाल, शिक्षणाच्या व्यासपीठावर हे कशाला? त्याचे उत्तर मी भाषणाच्या ओघात देणार आहे.

प्रथम या गावाकडे पाहू. कारधा हे वैनगंगेच्या काठचे गाव. पलीकडच्या तीरावर भंडारा शहर. पावसाळ्यात कारध्याच्या पुलाजवळ पाणी किती चढले, हे सारा जिल्हा विचारतो. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस आलेला पूर आपण सर्वांनी पाहिला आहे. मध्य प्रदेशात धो धो पाऊस झाला, वरच्या धरणांचे पाणी खाली आले आणि भंडाऱ्याच्या वस्त्यांत शिरले. अशा वेळी माणसे प्रथम जीव वाचवितात, मग धान्य, मग कागदपत्रे. अल्बमची आठवण होते ती पाणी ओसरल्यावर, पेटीतून चिकटलेला लगदा निघतो तेव्हा.

दुसरी गोष्ट नदीची. १९८८ साली खाली गोसीखुर्द येथे इंदिरा सागर प्रकल्पाची पायाभरणी झाली. पुढे पाणी अडले, भंडारा आणि नागपूर जिल्ह्यांतील अनेक गावांना आपली जागा सोडावी लागली, आणि जेथे उन्हाळ्यात वाळू दिसे तेथे वर्षभर पाणी तुंबून राहू लागले. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि कन्हानमधून वैनगंगेत येते. ज्या मुलांनी आज ही नदी पाहिली आहे त्यांना तिचा पूर्वीचा रंग ठाऊक नाही. तो रंग आता दोनच ठिकाणी उरला आहे: वडीलधाऱ्यांच्या आठवणीत आणि जुन्या फोटोंत. यांपैकी पहिले ठिकाण दर वर्षी थोडे थोडे रिकामे होत आहे.

आता फोटोच्या अंतरंगात शिरू. जुना कृष्णधवल फोटो म्हणजे चांदीचे चित्र. फिल्मवर चांदीचे क्षार असतात. प्रकाश पडलेल्या जागी, रोल धुताना, त्यांची काळी चांदी बनते. उरलेले क्षार हायपोने काढून टाकतात आणि मग फिल्म वाहत्या पाण्यात धुतात. हे धुणे नीट झाले असेल तर ते चित्र शंभर वर्षेही टिकते. घाईत झाले असेल तर पिवळे-तपकिरी डाग पडतात. उटकमंड येथे १९६० साली स्थापन झालेली हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी 'इंदू' या नावाने अशी फिल्म बनवीत असे. आगफा क्लिक थ्री हा साधा कॅमेरा बडोद्यात तयार होई. एका रोलमध्ये बारा चौकोनी फोटो. बाराच फोटो असल्यामुळे माणसे विचार करून बटण दाबीत.

रंगीत फोटोत शेवटी चांदी राहत नाही. राहतात ते तीन रंगांचे थर: निळसर-हिरवा म्हणजे सायन, किरमिजी आणि पिवळा. साऱ्या छटा या तिघांच्या मिश्रणातून येतात. हे तिन्ही रंग सारख्या वेगाने उडत नाहीत, ही सारी अडचणीची जड आहे. १९७० च्या सुमाराच्या पुष्कळ छापील फोटोंत, अल्बममध्ये अंधारात ठेवूनही, सायन आधी उडाला. तो गेला की फोटो तांबूस दिसू लागतो. भंडाऱ्याचे पितळेचे भांडे तांब्याचे वाटते. हिरवा रंग सायन आणि पिवळा यांचा मिळून बनतो. त्यातला सायन गेला की पिवळा उरतो. मग श्रावणातली धानाची हिरवीगार बांधी कापणीला आल्यासारखी दिसते. निकाहाच्या फोटोतली हिरवी ओढणी पिवळी दिसते, आणि 'ती पिवळीच होती' असे म्हणणारी नवी पिढी आणि 'हिरवी होती' असे सांगणारी नानी यांच्यात वाद होतो. या वादात नानी खरी असते.

म्हणून पहिला नियम असा: छापील फोटोपेक्षा निगेटिव्ह शोधा. निगेटिव्ह पाकिटात, अंधारात राहिलेली असते. तिच्यावर प्रकाश पडलेला नसतो, बोटे लागलेली नसतात, आणि छापताना गमावलेला तपशीलही तिच्यात असतो. फोटोच्या पाकिटातल्या त्या तपकिरी-नारिंगी पट्ट्या आपण कचरा म्हणून टाकतो. तो नारिंगी रंग दोष नव्हे. रंगांची आपसातली भेसळ दुरुस्त करण्यासाठी कारखान्यातच घातलेला तो मुखवटा आहे. निगेटिव्हला व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल, तर मात्र वेळ दवडू नका. फिल्मचा पायाच कुजू लागल्याचे ते लक्षण आहे, आणि तो रोग शेजारच्या पट्ट्यांनाही लागतो.

दुसरा नियम स्कॅनिंगचा. निगेटिव्हमागून प्रकाश सोडणारा स्कॅनर लागतो. तो नसेल तर पांढऱ्या प्रकाशाच्या पेटीवर निगेटिव्ह सपाट ठेवून, चांगला डिजिटल कॅमेरा तिवईवर उभा करून जवळून फोटो घ्यावा. फिल्मची एक बाजू चकचकीत आणि दुसरी मंद असते. मंद बाजूवर चित्राचा थर असतो, तिला बोट लावू नये. धूळ मऊ ब्रशने झाडावी. ओल्या फडक्याने पुसू नये. पस्तीस मिलिमीटर फिल्मवरचे चित्र २४ बाय ३६ मिलिमीटर असते. ते इंचाला २४०० बिंदूंनी स्कॅन केले तर सुमारे ३४०० बाय २२७० बिंदूंचे चित्र मिळते, म्हणजे जवळपास पाऊण कोटी बिंदू. घरच्या फोटोसाठी आणि पुस्तकात छापण्यासाठी एवढे पुरते. काही स्कॅनर अवरक्त किरणांनी धूळ ओळखून पुसतात. ही सोय कृष्णधवल फिल्मला वापरू नये, कारण चांदी ते किरण अडविते आणि यंत्र चित्रालाच धूळ समजते. पहिली प्रत टिफ स्वरूपात, काहीही न सुधारता जपून ठेवावी. सारे प्रयोग तिच्या नकलेवर करावेत.

आता तिसरी आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट: रंग जुळविणे. संगणकावर लाल, हिरव्या आणि निळ्या रंगांचे आलेख असतात. प्रत्येकाची काळी आणि पांढरी टोके बसविली की फोटोवरचा तांबूस पडदा बराचसा उठतो. पुढे पुस्तके सांगतात की चित्रात एखादी पांढरी किंवा करडी वस्तू शोधा आणि तिच्यावरून बाकीचे रंग ठरवा. सल्ला योग्य आहे, पण आपल्याकडे त्यात मेख आहे. आपल्या घरातले पांढरे कपडे नीळ घालून धुतलेले असत. चुन्यातही नीळ टाकीत. तो पांढरा निळसरच होता. त्याला शुद्ध पांढरा मानून रंग फिरविला तर सारा फोटो पिवळा पडेल. त्यापेक्षा सिमेंटचा ओटा किंवा छापील कागद बरा. मावळतीच्या उन्हात काढलेल्या फोटोत तर पांढऱ्यावर सोनेरी झाक असायलाच हवी. ती काढून टाकली तर संध्याकाळची दुपार होते.

येथे यंत्र थांबते आणि माणूस लागतो. १९७६ सालचा श्याम बेनेगल यांचा 'मंथन' हा चित्रपट आपल्यापैकी अनेकांना माहीत असेल; गुजरातच्या पाच लाख दूध-उत्पादक शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन तो उभा केला होता. मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने तो नव्याने सिद्ध केला आणि २०२४ साली तो कान येथे दाखविला गेला. मूळ कॅमेरा-निगेटिव्ह पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जपलेली होती म्हणून हे शक्य झाले. आणि रंग ठरविताना कोणाला विचारले? ज्यांनी तो चित्रपट कॅमेऱ्यात टिपला होता त्या गोविंद निहलानी यांना. यंत्रे अद्ययावत होती, तंत्रज्ञ निष्णात होते. तरीही साक्षीदाराचा डोळा लागलाच. आपल्या घरात तो साक्षीदार म्हणजे दादी, नानी, चाचा, शाळेचे निवृत्त मास्तर. त्यांना शेजारी बसवा आणि विचारा: ओढणी कोणत्या रंगाची होती? दरवाजा कोणत्या रंगाचा? वाळू कशी दिसे?

आणि चेहऱ्याचा रंग? याविषयी मला स्पष्ट बोलू द्या. कोडॅक कंपनी छपाईचे रंग जुळविण्यासाठी प्रयोगशाळांना एक नमुना-फोटो पाठवीत असे. त्यावर अनेक वर्षे गोऱ्या स्त्रीचाच चेहरा होता. त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. कॅनडाच्या अभ्यासक लॉर्ना रॉथ यांनी २००९ साली या प्रकाराची हकिगत लिहिली. सावळ्या चेहऱ्यांचे बारकावे त्या फिल्ममध्ये हरवत, आणि सुधारणेला जोर आला तो चॉकलेट आणि लाकडी सामान बनविणाऱ्यांच्या तक्रारींमुळे, कारण त्यांच्या मालाच्या तपकिरी छटा नीट उमटत नव्हत्या! पण केवळ परदेशाला दोष देऊन भागणार नाही. आपल्या स्टुडिओंतही निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून चेहरा उजळ करण्याची रीत होती, आणि मुलीच्या लग्नासाठी काढलेल्या फोटोत तर ती आग्रहाने मागितली जाई. आज तेच काम मोबाइलमधले अॅप एका क्षणात करते. एवढेच नव्हे, अस्पष्ट चेहऱ्यात ते नसलेले डोळे आणि नसलेले दात भरते, कृष्णधवल फोटोत अंदाजाने रंग ओतते. दिसायला ते छान दिसते. पण तो चेहरा आपल्या आजोबांचा राहत नाही. ज्या मुलीला अल्बममध्ये आपली सावळी आजी गोरी करून दाखविली जाते, ती स्वतःच्या रंगाविषयी काय शिकेल? शिक्षणाच्या व्यासपीठावर हा विषय का, याचे उत्तर हे आहे.

विद्यार्थ्यांपैकी कोणास रोलचा कॅमेरा आजही वापरून पाहायचा असेल, तर फिल्म अजून तयार होते; महाग आहे, पण एक रोल पुष्कळ शिकवितो. एक सूचना लक्षात ठेवावी. उन्हात चमकणाऱ्या वाळूवर किंवा पाण्याकाठी कॅमेऱ्याचे प्रकाशमापक फसते; ते प्रकाश कमी करते आणि माणसे काळीठिक्कर येतात. अशा वेळी माप चेहऱ्यावरून किंवा त्याच उन्हात धरलेल्या तळहातावरून घ्यावे. चेहरा मुळात नीट टिपला तर पुढे त्याला उजळ करण्याची गरजच पडत नाही.

पुराविषयी दोन शब्द. भिजलेले फोटो एकमेकांना चिकटून वाळू देऊ नका. स्वच्छ थंड पाण्यात ठेवून हळूहळू सुटे करा, आणि चित्राची बाजू वर ठेवून सावलीत वाळवा, उन्हात नव्हे. काचेला चिकटलेला फोटो ओढू नका. दोन दिवसांत बुरशी धरते. तेवढ्यात काम होणार नसेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवा, मग सवडीने सोडवा. चिकट पानांचे अल्बम टाळा. फोटोच्या मागे कडेला मऊ पेन्सिलीने नाव, गाव आणि साल लिहा. नाव नसलेला फोटो पुढच्या पिढीला परकाच असतो. संगणकावरच्या प्रती तीन ठेवा, आणि त्यांतली एक नदीपासून दूर राहणाऱ्या नातेवाइकाकडे.

शेवटी एक विनंती. संस्थेच्या कपाटात गट-फोटो असतील, बक्षीस-समारंभाचे रोल असतील. आपल्या घरांत नदीचे, बाजाराचे, रोवणीचे फोटो असतील. पुढच्या उन्हाळी सुटीत वरच्या वर्गातील मुला-मुलींनी एक-एक घर वाटून घ्यावे. स्कॅनिंग मुलांनी करावे, रंग वडीलधाऱ्यांनी सांगावा, आणि दोघांनी मिळून वहीत लिहावे: हा कोण, हे कोठले, हे कधीचे, आणि कोणता रंग कोणाच्या सांगण्यावरून ठरविला. फोटो सुंदर करणे सोपे आहे. तो खरा ठेवणे हे काम आहे. ते काम सांगणारी माणसे आज आपल्यात आहेत. ती आहेत तोवरच ते होईल.