संगणकांतील राखीव कोठार

नागपूरजवळच्या हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतींतील लहानशी कचेरी असो कीं आपलें घर असो, संगणकाची डिस्क भरत आली म्हणजे पहिली कुऱ्हाड जुन्या हिशेबांवर, नाहीं तर छायाचित्रांवर पडते. जागा अडविणारा मात्र पुष्कळदां निराळाच असतो.

'सिस्टिम रिस्टोअर' ही सोय २००० सालीं 'विंडोज मिलेनियम'बरोबर आली. ती चालू असली, म्हणजे मोठ्या फेरबदलापूर्वीं यंत्रणेच्या स्थितीची नोंद गुप्त कप्प्यांत ठेवते; बिघाड झाल्यास तीवरून यंत्रणा पूर्वस्थितीला आणतां येते. अशा नोंदी सांचून जागा व्यापतात. तरीहि ही सोय समूळ बंद करूं नये. तिला मर्यादा घालावी. 'सिस्टिम प्रोटेक्शन'मध्यें तिचा वांटा ठरवितां येतो. तो भरला कीं सर्वांत जुनी नोंद आपोआप पुसली जाते.

परंतु ही राखण यंत्रणेची आहे, आपल्या चिजांची नव्हे. पुसलेलें छायाचित्र 'सिस्टिम रिस्टोअर' परत देत नाहीं. डिस्कच निकामी झाली, तर तींतील नोंदीहि गेल्याच! म्हणून हिशेबांची व छायाचित्रांची दुसरी प्रत निराळ्या डिस्कवर, शक्य तर निराळ्या घरीं ठेवावी. आणि मगच कुऱ्हाड उचलावी.