छातीतील गाठ आणि आपली राहणी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतच झाले, तेव्हा हे व्याख्यान नव्हे. हळदीकुंकू, पाककृती सोडून हा विषय कशाला, असे काहीजणींनी विचारले. कारण आमच्या घरातच आहे. जाऊबाईंना विचारूनच बोलते. त्या समोर बसल्या आहेत.

स्तनाचा कर्करोग हे शहरातल्या बायकांचे दुखणे, असे आपण समजतो. त्यात तथ्य आहे. बार्शीकडे १९८७ पासून खेड्यांतील कर्करोगाची नोंद ठेवतात. तिथल्यापेक्षा मुंबईत हा रोग पुष्कळ जास्त दिसतो. कारणे बरीचशी राहणीत आहेत. पहिले मूल तिशीनंतर, अंगावर पाजणे थोडे, बैठे काम, पाळी गेल्यावर वाढलेले वजन, दारू. २००२ साली तीस देशांतील माहिती एकत्र पाहिली, तेव्हा बाईने आयुष्यात जितके पाजले, त्यातील दर बारा महिन्यांमागे धोका चार टक्क्यांहून थोडा अधिक घटतो, असे आढळले. आमच्या सासूबाईंनी चार मुलांना दोन-दोन वर्षे पाजले. हिशेब तुम्हीच करा.

म्हणून आताच्या मुलींना नावे ठेवू नका. त्यांना सकाळची लोकल गाठायची असते. मी सातवीत शाळा सोडली, ती काही कर्करोग टाळण्यासाठी नव्हे.

आणि आपली भिवपुरी तरी पूर्वीची कुठे राहिली? माझी आई जात्यावर दळी, विहिरीचे पाणी डोक्यावरून आणी. माझ्याकडे नळ आहे, मिक्सर आहे, दुपारी मालिका आहे. वजन किती वाढले ते सांगत नाही! अरब देशांतही राहणी अशीच झपाट्याने बदलली. तिथल्या आणि आपल्या बायकांना हा रोग गोऱ्या देशांतील बायकांपेक्षा सरासरीने लवकरच्या वयात गाठतो. चालणे आणि वजन एवढे तरी आपल्या हातात आहे.

पण आता जाऊबाईंचे ऐका. अंगाने सडपातळ, भातलावणीला सगळ्यांच्या पुढे, तिन्ही मुले अंगावर वाढवलेली. त्यांच्या हाताला गाठ लागली. दुखत नव्हती, म्हणून आठ महिने कोणाला बोलल्या नाहीत. 'मला कसा होईल?' हे एक, आणि पुरुष डॉक्टरला छाती दाखवायची कशी, हे दुसरे. एकदा त्या तापाने निजून होत्या, मी अंग पुसायला बसले, तेव्हा कातडी आत ओढलेली मला दिसली. दुसऱ्या दिवशी आम्ही परळला टाटा रुग्णालयात गेलो. स्तन काढावा लागला.

बहुतेक गाठी साध्याच असतात, पण ते तपासल्यावर कळते. टाटा रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांतील सुमारे दीड लाख बायकांचे दोन गट केले. एका गटाला शिकवून तयार केलेल्या सेविका दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासत. वीस वर्षांनी पाहिले, तर त्या गटातील पन्नाशीपुढच्या बायकांत या रोगाचे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी होते. यंत्र नाही, काही नाही. बाईने बाईला तपासले. आपल्याकडेही तिशीपुढच्या बाईची अशी तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात करतात. गाठ, कातडीला खळगा, बोंडी आत जाणे, बोंडीतून रक्त येणे, यांतले काही दिसले तर त्या वाराची वाट पाहू नका.

जाऊबाई दर सहा महिन्यांनी परळला दाखवायला जातात. सकाळच्या गाडीने भिवपुरी रोडहून निघतात. कोणाला सोबत हवी असेल, तिने त्यांना आजच सांगून ठेवावे. कारण त्या विचारणार नाहीत.